क्रूसो निघाला होता कुठे?

ब्रिस्टल, रविवार

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

"इंग्रज स्वतःवर हसतो, आपल्याला ते जमत नाही," असं तुम्ही फोनवर म्हणालात आणि 'रॉबिन्सन क्रूसो' लिहिणाऱ्या डॅनियल डिफोचं उदाहरण दिलंत. तेव्हा मी नाइट ड्यूटी करून आले होते, हो ला हो केलं. पण ते डोक्यातून गेलं नाही. आज सुट्टी आहे, म्हणून सवडीने लिहितेय.

डिफोचं तुम्ही म्हणता ते खरंच आहे. राजा तिसरा विल्यम डच, म्हणून लोक नाकं मुरडत होते, तेव्हा १७०१ साली डिफोने कविता लिहून विचारलं, तुमच्यात अस्सल इंग्रज आहे तरी कोण? रोमन, सॅक्सन, डेन, नॉर्मन सगळ्यांची सरमिसळ होऊन तर तुम्ही झालात! माझ्या वॉर्डातल्या एक आजीबाई औषध घेता घेता रोज विचारतात, "पण तू मूळची कुठली?" तेव्हा हा डिफो मला फार जवळचा वाटतो.

पण बाबा, गेल्या शनिवारी तुमच्या नातवाला घेऊन बंदराकाठच्या एम शेड संग्रहालयात गेले होते. तिथे एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा आडवा ठेवलाय. ७ जून २०२० ला लोकांनी दोर लावून पाडला, फरफटत नेऊन बंदरात ढकलला, तोच. चार दिवसांनी बाहेर काढला. अंगावरचे लाल-निळे रंग मुद्दाम तसेच राहू दिलेत. गाळ काढताना त्याच्या कोटाच्या घोळात १८९५ सालचं एक मासिक सापडलं, त्यावर पुतळा बसवणाऱ्यांची नावं हाताने लिहिलेली. मी त्या नावांचाच विचार करत किती वेळ उभी होते. चौथऱ्यावरच्या पाटीत कोल्स्टनला शहराचा अत्यंत सद्गुणी आणि शहाणा सुपुत्र म्हटलं होतं. हा सुपुत्र गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा मोठा पदाधिकारी. तो कंपनीत असतानाच्या वर्षांत तिने सुमारे ८४ हजार आफ्रिकी माणसं, बायका, पोरं जहाजांत कोंबून नेली असं मानतात. त्यातली सुमारे १९ हजार वाटेतच गेली. त्यांची नावं कोणत्याही कोटात सापडायची नाहीत.

आणि याच कंपनीच्या व्यापाराची बाजू डिफोने पुढे हिरिरीने मांडली. इंग्रजांच्या रक्ताची मनसोक्त थट्टा करणारा माणूस, पण गल्ल्याचा प्रश्न आला तिथे त्याचं हसू थांबलं. मला हे वाचून वाईट वाटलं, कारण त्याची ओळख मला तुम्ही करून दिलीत. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या तुम्ही रॉबिन्सन क्रूसो सांगायचात. वादळ, बेट, वाळूत उमटलेला पावलाचा ठसा, सगळं. पण क्रूसो त्या जहाजावर चढला कशासाठी, हे त्यात कधीच नव्हतं. ब्राझीलमधल्या त्याच्या मळ्यासाठी आणि शेजाऱ्यांच्या मळ्यांसाठी तो आफ्रिकेतून गुलाम आणायला निघाला होता! १७१९ च्या मूळ पुस्तकात हे सरळ लिहिलंय.

हे सगळं जुनं झालं, असं आई म्हणेल. तिला सांगा, १८३३ साली इथे गुलामगिरी बंद करायचा कायदा झाला, तेव्हा सरकारने २ कोटी पौंडांची भरपाई कबूल केली, ती मालकांना. गुलामांच्या हातावर एक छदामही ठेवला नाही. त्यासाठी काढलेलं कर्ज पुरतं फिटलं २०१५ साली. मी २०११ पासून इथे कर भरतेय, बाबा. म्हणजे माझ्या रात्रपाळ्यांच्या पगारातूनही ते फेडलं गेलं. हे कळलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

नातू आता क्रूसो ऐकायच्या वयाचा झालाय. त्याला गोष्ट सांगायची आहेच, पण जहाज कुठे चाललं होतं तिथपासून. माळ्यावरच्या ट्रंकेत तुमची शाळेतली मराठी प्रत असेल. तो प्रसंग त्यात आहे की गाळलाय, तेवढं बघून कळवा. गुडघ्याला जपा, माळ्यावर स्वतः चढू नका, दादाला सांगा.

आईला नमस्कार.

तुमची,
छोटी