आजारी मुलाला घरी ठेवण्याचा नियम शाळांनी लेखी द्यावा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जूनच्या मध्याला शाळा भरतात, पाठोपाठ पाऊस धरतो आणि जुलै-ऑगस्टपर्यंत पुण्यातल्या बालवाड्यांत व प्राथमिक वर्गांत सर्दी-ताप, डोळे येणे, जुलाब आणि हात-पाय-तोंडाचा आजार यांची ये-जा सुरू होते. हे दरवर्षीचे आहे आणि यांतील बहुतेक दुखणी आठवडाभरात आपोआप बरी होतात. मात्र आजारी मुलाला केव्हा घरी ठेवावे आणि केव्हा परत पाठवावे, याचा साधा लेखी नियम माझ्या पाहण्यातल्या बहुतेक शाळांकडे नाही, म्हणून हे पत्र. मी कोथरूड परिसरातील एका शाळेत पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवते.

सकाळी अंग गरम लागले की पॅरासिटामॉल पाजून मुलाला व्हॅनमध्ये बसवून देण्याची पद्धत आता घरोघरी रुळली आहे. या औषधाचा अंमल चार ते सहा तास टिकतो, त्यामुळे मधल्या सुट्टीपर्यंत मूल बरे दिसते आणि शेवटच्या दोन तासिकांना ते बाकावर डोके टेकते. डबा न उघडता तसाच दप्तरात गेलेला असतो, कपाळाला हात लावावा तर चांगलेच तापलेले असते. तोपर्यंत ते व्हॅनमध्ये चौघांना चिकटून बसलेले असते आणि शेजारणीच्या बाटलीतले पाणी प्यायलेले असते. आईला फोन करावा, तर ती हिंजवडीला कामावर असते किंवा चार घरची धुणीभांडी करत असते. तिला पोहोचायला तास-दीड तास लागतो. या आईला मी दोष देत नाही. एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी गेली, हे गणित तिला चुकत नाही.

दोष मी शाळांच्या पद्धतीला देते. वर्षाअखेरीस शंभर टक्के हजेरीचे प्रशस्तिपत्रक दिले जाते, बुडालेली घटक चाचणी पुन्हा घेतली जात नाही आणि दोन दिवसांच्या रजेलाही डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागितले जाते. या प्रमाणपत्रासाठी तापलेल्या मुलाला दवाखान्याच्या गर्दीत तासभर बसवावे लागते आणि तपासणीची फी वेगळी मोजावी लागते. ‘डॉक्टर, जरा स्ट्राँग औषध द्या, परवा पेपर आहे’ ही विनवणी याच धास्तीतून येते. विषाणूमुळे झालेल्या सर्दी-तापावर प्रतिजैविकांचा काहीही उपयोग होत नाही, हे ठाऊक असूनही मग ती मागितली जातात. ज्या सहा-सात वर्षांच्या मुलाला कांजिण्या झाल्या, त्याला प्रशस्तिपत्रक मिळू नये हे मला अन्यायाचे वाटते, आणि ताप अंगावर काढून आलेल्याला ते मिळावे हे त्याहून चुकीचे वाटते.

नियम एका पानात मावेल एवढाच आहे. औषध न देता पूर्ण २४ तास ताप आला नाही, की मूल शाळेत यावे. उलट्या-जुलाब थांबल्यावरही किमान एक पूर्ण दिवस जाऊ द्यावा. कांजिण्यांच्या सर्व फोडांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण पाच ते सात दिवस, घरीच राहावे. गोवराचे पुरळ उठल्यापासून चार दिवस आणि गालगुंडाची सूज आल्यापासून पाच दिवस शाळा नको. हात-पाय-तोंडाच्या आजाराचा विषाणू मूल बरे झाल्यावरही कित्येक आठवडे शौचावाटे बाहेर पडत राहतो, तेवढा काळ कोणालाच घरी ठेवता येणार नाही. ताप गेला, फोड सुकले आणि मूल नीट जेवू लागले की पाठवावे आणि साबणाने हात धुण्यावर भर द्यावा. त्यासाठी शाळेच्या नळाजवळ साबण असायला हवा, आणि तो अनेकदा नसतो. नुसते नाक वाहत असेल, ताप नसेल आणि मूल खेळकर असेल, तर त्याला जरूर यायला सांगावे. लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होतेच. प्रत्येक सर्दीला घरी बसवले तर वर्ग ओस पडतील. कांजिण्यांचा संसर्ग पुरळ दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीच सुरू होतो, तेव्हा पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर ‘कोणामुळे साथ आली’ हा शोध तरी थांबवावा.

डेंगीबद्दल वेगळे सांगणे आवश्यक आहे. त्यात ताप साधारण तीन ते सात दिवसांनी उतरतो आणि खरा धोका त्याच सुमारास सुरू होतो. ताप गेला म्हणून मुलाला लगेच शाळेत पाठवले जाते, आणि पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे, सुस्ती ही लक्षणे वर्गात दिसू लागतात. डेंगीची शंका असलेल्या मुलाला डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय परत पाठवू नये, आणि तापासाठी अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन देऊ नये.

घरी ठेवलेल्या मुलासाठी फार औषधे लागत नाहीत. जुलाबात ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून घोट-घोट द्यावे. सोबत डॉक्टरांच्या सल्ल्याने झिंक, आणि पेज, मऊ भात, ताक चालू ठेवावे. ओआरएसच्या नावाने विकल्या जाणाऱ्या गोड पेयांवरून ते नाव काढायला अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले, तरी पाकिटावरची माहिती वाचूनच घ्यावे. त्याच महिन्यात, मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात खोकल्याच्या दूषित औषधाने झालेल्या बालमृत्यूंनंतर, केंद्राने दोन वर्षांखालील मुलांना खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा टाळावीत, अशी सूचना काढली. मोठ्या भावंडाची उरलेली बाटली लहान्याला पाजणाऱ्या घरांनी हे लक्षात घ्यावे.

लसीकरणाचा मुद्दाही याला जोडलेला आहे. डीपीटी, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वाताच्या लशीचा, दुसरा बूस्टर पाच ते सहा वर्षांच्या वयात, म्हणजे नेमका पहिलीच्या प्रवेशाच्या सुमारास असतो आणि तोच विसरला जातो. सरकारी लसीकरणात गोवर-रुबेलाची लस मोफत मिळते, पण गालगुंड आणि कांजिण्यांच्या लशी नाहीत. त्या खासगी दवाखान्यात पैसे मोजून घ्याव्या लागतात. ज्यांना ते परवडत नाही, त्यांच्या मुलांना या दोन आजारांपासून वाचवायचे तर वर्गातल्या आजारी मुलाने वेळेवर घरी राहणे फार महत्त्वाचे आहे.

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूमुळे पुण्यातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या, जुलै २०२३ मध्ये आळंदीत मुलांचे डोळे आले, जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गुलियन-बॅरे सिंड्रोम) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि पाण्याबद्दल शंका आली. अशा वेळी सूचना येतात, काही आठवडे पाळल्या जातात आणि साथ ओसरली की विरून जातात. नियम साथीच्या धास्तीत नव्हे, तर शाळा सुरू होतानाच ठरायला हवेत.

म्हणून महापालिकेच्या शिक्षण विभागाला आणि खासगी शाळांच्या व्यवस्थापनांना विनंती आहे की, वर्षाच्या पहिल्याच पालकसभेत हा एक पानाचा नियम मराठीत छापून द्यावा, शंभर टक्के हजेरीचे बक्षीस बंद करावे, आजारपणात बुडालेली चाचणी पुन्हा घ्यावी आणि तीन दिवसांपर्यंतच्या रजेला पालकांची चिठ्ठी पुरेशी मानावी. वर्गात ताप आलेल्या मुलाला बाजूला झोपवता येईल अशी एक खाट आणि एक थर्मामीटर, एवढी सोय प्रत्येक शाळेत करणे फार खर्चाचे नाही.

आपली विश्वासू,
एक प्राथमिक शिक्षिका, कोथरूड, पुणे