दिवाळीची रजा दसऱ्याला काढ

हातोद, जि. इंदूर
आश्विन शुद्ध पंचमी

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

दिवाळीला आठवडाभर येतो आणि तेव्हाच शेतातली कामे उरकून टाकू, असे तू फोनवर म्हणालास. घाईत सगळे बोलता आले नाही, म्हणून लिहितो. दिवाळीपर्यंत सोयाबीन घरात आलेले असेल आणि रान रब्बीसाठी तयार झालेले असेल. तेव्हा फराळ सोडला तर तुझ्या वाट्याला काही उरणार नाही. रजा काढायचीच असेल तर दसऱ्यापासून कोजागिरीच्या पुढे दोन-तीन दिवसांपर्यंतची काढ.

विहिरीकडच्या तुकड्यात जे.एस. ९५-६० पेरले होते. ते वाण ८२ ते ८८ दिवसांत पिकते, त्यामुळे तिथली कापणी झाली. नाल्याकडच्या शेतात मात्र जे.एस. ३३५ आहे, त्याला ९५ ते १०० दिवस लागतात, म्हणजे ते नेमके दसऱ्याच्या आसपास हाताशी येईल. झाबुआकडची मजूर मंडळी तेव्हा गावोगावी विखुरलेली असतात आणि प्रत्येकाला ती त्याच दिवशी हवी असतात. पीक उभे राहून वाळले तर दुपारच्या उन्हात शेंगा तडकून दाणा जमिनीवर सांडतो, आणि कापून पसरलेल्यावर परतीचा पाऊस आला तर शेंगेतच कोंब फुटतात. हस्त लागतो आहे, त्यामुळे रोज सकाळी चहाच्याही आधी आभाळाकडे पाहावे लागते.

तुझा खरा उपयोग मळणीच्या दिवशी आहे. पुढच्या वर्षीचे बियाणे आपण घरचेच ठेवतो आणि सोयाबीनचे बियाणे फार नाजूक असते. त्याचे साल पातळ असून अंकुर सालाच्या अगदी खाली असतो, त्यामुळे दाणा वरून धडधाकट दिसला तरी आतून दुखावलेला असू शकतो. म्हणून बियाण्याची मळणी करताना थ्रेशरचा ड्रम मिनिटाला ३५० ते ४०० फेऱ्यांपेक्षा जास्त फिरू द्यायचा नाही. थ्रेशरवाल्याला पुढच्या शेतावर जायची घाई असते. आपली पाठ फिरली की तो वेग वाढवतो, आणि मी एकाच वेळी ड्रमजवळ आणि पोत्यांजवळ उभा राहू शकत नाही. तू पोत्यांकडे पाहा. भरलेली पोती कुणी आपटू नयेत, ती फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर ठेवावीत, आणि थप्पी चार-पाच पोत्यांपेक्षा उंच नसावी. त्याआधी दाणा उन्हात चांगला वाळला पाहिजे. दाताखाली धरल्यावर तो चेपला तर अजून ऊन हवे. कट् असा आवाज होऊन दुभंगला तर भरायला हरकत नाही. मंडीतही १२ टक्क्यांहून अधिक ओलावा निघाला की भाव तुटतो, पण मला त्याहून जास्त काळजी बियाण्याची आहे. जूनमध्ये पेरणीपूर्वी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले आणि त्यांतले सत्तरसुद्धा उगवले नाहीत, तर तेव्हा बाजारात मिळेल ते आणि मागतील त्या भावाने घ्यावे लागते.

विहिरीकडच्या मोकळ्या तुकड्यात कोजागिरीच्या सुमारास लसूण लावायचा आहे. आपल्या काळ्या जमिनीत वाफसा फार थोडे दिवस टिकतो: ओली असताना औत घातले तर माती फाळाला चिकटते, आणि चार दिवस उशीर झाला तर विटेएवढी ढेकळे निघतात. लसणाच्या पाकळ्या लावणीच्या आदल्या दिवशीच फोडायच्या असतात, कारण आधी फोडून ठेवल्या तर त्या सुकतात. एकराला सुमारे दोन क्विंटल बियाणे लागते. बाहेरच्या जाड पाकळ्या निवडायच्या आणि गाभ्यातल्या बारीक पाकळ्या स्वयंपाकघरात द्यायच्या. संध्याकाळपर्यंत अंगठ्याचे नख चुरचुरू लागते. चिरंजीव नातवाला हे काम नक्की आवडेल. पाकळीचे टोक वर ठेवून ती दोन इंच खोल खोवायची आणि शेजारची चार बोटे सोडून लावायची, एवढे त्याला एकदा दाखवले की पुरे.

तुझ्या आईचे नेहमीप्रमाणे चालले आहे. गाद्या, रजया आणि वर्षाचे धान्य उन्हात पडले आहे आणि भाजणीची तयारी सुरू आहे. पितृपक्षात शेजारच्या मुलींनी आपल्या भिंतीवर शेणाची आणि फुलांची संजा मांडली होती. तिचा किलाकोट, म्हणजे शेवटी मांडतात ते किल्ल्यासारखे मोठे चित्र, अमावास्येला उतरला आणि त्याच मुली आता रोज संध्याकाळी आपल्या अंगणात पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरतात. भोंडल्याची गाणी त्यांना अर्धीच कळतात, पण खिरापत ओळखण्यात त्या तुझ्या बहिणीपेक्षाही तरबेज आहेत.

माझा स्वतःचा छंद म्हणशील तर तो पूर्वीचाच आहे. काम लवकर आटोपले की दुर्बीण आणि वही घेऊन यशवंत सागरवर जातो. २०२२ साली या तलावाचा आणि इंदूरच्या सिरपूर तलावाचा जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत समावेश झाल्यापासून सुट्टीच्या दिवशी इंदूरहून गाड्या येतात, म्हणून मी मधल्या वारीच जातो. सारसांची एक जोडी या पावसाळ्यात वाढलेल्या पिलाला घेऊन काठच्या शेतांत हिंडते आहे. ते पिलू उंचीने आईबापांना गाठत आले असले तरी त्याचे डोके अजून लाल न होता तपकिरीच आहे. चक्रवाक पुढच्या महिन्यात येतील. दसऱ्याला आलास तर सारस मी तुम्हाला नक्की दाखवीन. चक्रवाकांची मात्र हमी देत नाही.

येताना एक मोठी, जाड ताडपत्री घेऊन ये. इथे मिळते ती एका हंगामातच फाटते. थ्रेशरवाल्याला रविवारपर्यंत तारीख कळवायची आहे, तेव्हा या पत्राचे उत्तर टपालाने न पाठवता फोनवरच दे.

सूनबाईस व चिरंजीवास आशीर्वाद.

तुझे,
बाबा