केसपेपरवर उपासाचीही नोंद हवी

मा. संपादक, स. न. वि. वि.

मानसिक आजारांच्या ओपीडीत झोप-भूक विचारतात, तसे उपास, नेम, वारीही आवर्जून विचारायला हवेत. लोणंद-फलटणमार्गे पायी जाणारा वारकरी लिथियमची (मनःस्थितीतले टोकाचे चढ-उतार आवरणारी) गोळी घेत असेल, तर घाम, कमी पाणी, अळणी उपास यांनी शरीरातलं मीठ-पाणी घटतं; मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि त्याची विषबाधा होऊ शकते. हात जोरात थरथरणं, उलट्या-जुलाब, झोकांड्या जाणं दिसताच पुढची गोळी न देता रुग्णालय गाठावं. मात्र ‘वारी सोडा’ म्हणू नये. माणूस वारी सोडत नाही, गोळी सोडतो! निघण्याआधी, शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी रक्तातलं लिथियम तपासावं. वाटेत मीठ नेहमीइतकंच, पाणी मात्र घामाच्या मानाने वाढवावं. डॉक्टरांनी एवढं समजावलं, तर माउलींचं नाव आणि औषध दोन्ही सोबत चालतील.

– मानसिक आरोग्य कार्यकर्ते, सातारा