पाणी फोडलं म्हणता, मग ऑक्सिजन किती निघाला?

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

उन्हानं पाणी फोडून, म्हणजे त्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन वेगळे करून, हायड्रोजन काढणाऱ्या नॅनोकंपोझिटच्या (अतिसूक्ष्म कणांच्या मिश्र पदार्थाच्या) बातम्या अधूनमधून पेपरात येतात, वाचून बरं वाटतं, आपल्या शिवाजी विद्यापीठात पण मटेरियलवर वर्षानुवर्षं काम चाललंय, पण बातमी वाचली की माणसं लगेच म्हणायला लागतात आता गाड्या पाण्यावर पळणार. तसं नाहीये हो. पाणी नुसता कच्चा माल, ताकद सगळी उन्हाची.

1972 साली जपानच्या फुजिशिमा आणि होंडा या शास्त्रज्ञांनी टायटॅनियम डायऑक्साइड वापरून हे दाखवलं, भिंतीच्या पांढऱ्या पेंटमध्ये असतं तेच. पण त्याला अतिनील किरणच लागतात आणि उन्हात ते जेमतेम 4-5 टक्के. कॅडमियम सल्फाइडची पिवळी पावडर साधा उजेड घेते, पण त्याच उजेडात स्वतः झिजते. म्हणून दोन पदार्थ नॅनो आकारात जोडायचे, म्हणजे प्रकाशानं सुटलेला इलेक्ट्रॉन एकीकडं आणि त्याची रिकामी जागा, म्हणजे होल, दुसरीकडं जातो, नाहीतर दोघं क्षणात परत एकत्र येतात आणि सगळी मेहनत उष्णतेत वाया.

आता मुद्दा. बऱ्याच प्रयोगांत पाण्यात मिथेनॉल किंवा सोडियम सल्फाइड घातलेलं असतं, ज्या होलनं पाण्यातून ऑक्सिजन काढायचा तो होलच ते स्वतः खर्ची पडून संपवतं, मग काचेच्या भांड्यात झेनॉन लॅम्पखाली (उन्हासारखा उजेड देणारा प्रयोगशाळेतला दिवा) हायड्रोजनचे बुडबुडे भराभर येतात पण ऑक्सिजन येतच नाही. कॅटॅलिस्ट, म्हणजे ही क्रिया घडवणारी पावडर, तपासायला ही पद्धत ठीक आहे, त्यात फसवणूक काही नाही, पण त्याला पाणी फोडलं म्हणता येत नाही, खरंच फुटलं असेल तर दोन भाग हायड्रोजनमागं एक भाग ऑक्सिजन निघायलाच पाहिजे. बातमीत हे नसतंच!

जपानमध्येच पाणी फोडणारे एकूण 100 चौरस मीटरचे पॅनल उघड्यावर लावून बघितले, 2021 ला निकाल छापला, जास्तीत जास्त 0.76 टक्के ऊन हायड्रोजनमध्ये उतरलं. एवढा कमी आकडा त्यांनी उघड सांगितला याचं मला फार मोल वाटतं.

तर विनंती एवढीच की तुमच्या वार्ताहरांनी पुढच्या वेळी विचारावं, ऑक्सिजन निघाला का, पाण्यात अजून काय घातलं होतं, पावडर किती तास टिकली आणि लॅम्प सोडून खऱ्या उन्हात किती टक्के. संशोधन करणारी पोरं-पोरी आनंदानं सांगतील, ती दिवसभर तेच मोजत असतात. आकडा छोटा आला तरी तसाच छापा.

आपला,
एक नियमित वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर