डॉक्टर मॅडम, त्या न दुखणाऱ्या गाठीबद्दल थँक्यू

डॉक्टर मॅडम, नमस्कार,

तुमच्याकडे रोज इतके पेशंट येतात की आम्ही तुमच्या लक्षात असूच असं नाही. धाकट्या भावाला घेऊन आलेली मी, हातात फाईल आणि फाईलमध्ये सुईच्या तपासणीचा रिपोर्ट, काळजीचं काही नाही म्हणणारा. दाढी करताना त्याच्या हाताला मानेवर, कॉलरबोनच्या जरा वर एक गाठ लागली होती, त्याला दोन महिने होऊन गेलेले, अँटिबायोटिकचे दोन कोर्स झालेले, गाठ जागच्या जागी.

तुम्ही रिपोर्ट वाचलात, बाजूला ठेवलात आणि त्याच्या मागे जाऊन उभ्या राहिलात. दोन्ही हातांची बोटं त्याच्या कानामागून खाली खाली आणत गेलात, मग काखा, मग जांघा. इतका वेळ त्याला हात लावून कुणी तपासलंच नव्हतं हो. दुखतं का विचारलंत तर तो खुशीत म्हणाला अजिबात नाही, कारण आम्हाला सगळ्यांना तीच चांगली गोष्ट वाटत होती, दुखत नाही म्हणजे साधंच असणार. तुम्ही म्हणालात, दुखत नाही म्हणूनच मला नीट बघायचंय. इन्फेक्शनची गाठ बहुतेक वेळा हात लावला की दुखते आणि दोन-चार आठवड्यांत बसते, ही रबरासारखी लागतेय आणि बसत नाहीये.

मग विचारलंत रात्री घाम येतो का, तो म्हणाला येतो थोडा, आणि मला राहवलं नाही, थोडा? रात्रीतून दोनदा मी त्याचा टी-शर्ट आणि उशीचं कव्हर बदलत होते, पिळलं तर पाणी निघेल इतकं ओलं. संध्याकाळी बारीक ताप, अंगाला खाज, चार महिन्यांत वजन 68 वरून 60. आम्ही प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण शोधून ठेवलेलं, घाम उकाड्याने, वजन कामाच्या टेन्शनने, खाज साबणाने. तुम्ही ते सगळं एका कागदावर एकाखाली एक लिहिलंत आणि तेव्हा मला पहिल्यांदा पोटात खड्डा पडल्यासारखं झालं.

त्यावेळी एकांनी स्टिरॉईडच्या गोळ्या सुचवल्या होत्या, गाठ उतरेल म्हणून, आणि आम्ही सुरू करणारच होतो. तुम्ही हात जोडून नको म्हणालात, गाठ उतरेल पण मग बायोप्सीत कळायचं तेही कळणार नाही. आणि चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात लिहिलंत, 'पूर्ण गाठ काढून तपासा', खाली दोन रेघा.

पूर्ण गाठ काढली आणि निघाला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लिम्फ ग्रंथींचा एक कॅन्सर. सुईत का नाही दिसला हे मी नंतर तुम्हाला जरा रागानेच विचारलं होतं, तुम्ही शांतपणे समजावलंत की या आजारात गाठीतल्या शंभर पेशींमधल्या जेमतेम एखाद-दोन पेशी कॅन्सरच्या असतात, बाकी सगळी नुसती गर्दी, आणि सुईत गर्दीच येऊ शकते. ती राग यायची जागाच गेली माझी. कुणालाही गाठीबद्दल सांगताना मी आता हेच आधी सांगते.

आईने तुम्हाला रडत विचारलं होतं आमचं काय चुकलं. तुम्ही तिचा हात धरून सांगितलंत काहीच नाही. ईबीव्ही नावाचा एक व्हायरस, एचआयव्ही, पोटातला एक जंतू, दबलेली प्रतिकारशक्ती, असल्या गोष्टींचा काही लिम्फोमांशी संबंध आहे, पण बहुतेक पेशंटमध्ये असं एक बोट ठेवता येईल असं कारण सापडत नाही, हमखास टाळायचा उपाय नाही, आणि हा एकाचा दुसऱ्याला लागतही नाही. आई त्या रात्री पहिल्यांदा झोपली.

अजून एका गोष्टीचे आभार, जी बोलायला आम्ही सगळेच लाजलो असतो. किमो सुरू व्हायच्या आधी तुम्ही त्याला एकट्याला बसवून विचारलंत की पुढे मूल हवं असेल तर आधी स्पर्म साठवून ठेव. चोवीस वर्षांचा मुलगा, आमच्या डोक्यातही आलं नसतं, आणि नंतर आलं असतं तर उशीर झाला असता.

पेट स्कॅनमध्ये मान आणि छाती दोन्हीकडे दिसलं. दर पंधरा दिवसांनी चार औषधांचा किमो. त्यातलं एक लालभडक, ते गेल्यावर लघवी लाल होते हे तुम्ही आधीच सांगितलं होतं म्हणून घरी कुणी घाबरलं नाही, आणि एका औषधाची पिशवी उजेड लागू नये म्हणून झाकून लावायचे, मी ती बघत बसायचे थेंब थेंब. दोन महिन्यांनी परत स्कॅन केला, चांगला आला, तेव्हा फुप्फुसांना त्रास देऊ शकणारं औषध त्यातून काढलं.

आणि तो ताप. तुम्ही बजावलं होतं की किमो चालू असताना 100.4 च्या वर ताप गेला तर सकाळची वाट बघायची नाही, पॅरासिटामॉल देऊन झोपवायचं नाही, सरळ निघायचं. तिसऱ्या महिन्यात रात्री दीडला 101 आला, तो म्हणत होता ताई उद्या जाऊ, मी ऐकलं नाही, गेलो. पांढऱ्या पेशी एकदम खाली गेलेल्या, लगेच सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू केलं. तुमचं ते वाक्य डोक्यात नसतं तर मी त्याचं ऐकलं असतं, खरंच ऐकलं असतं.

ट्रीटमेंट संपून आता दोन वर्षं झाली. परवाच्या तपासणीत सगळं क्लिअर आहे. वजन 70 झालंय, केस आधीपेक्षा दाट आलेत, आणि दाढी करताना तो अजून मानेवरून दोन्ही हातांची बोटं खाली आणतो, अगदी तुम्ही आणली होती तशीच, आधी कानामागून.

तुमची ती चिठ्ठी फाईलमध्ये सगळ्यात वर ठेवलीये. पुढच्या महिन्यात तो स्वतः तुम्हाला भेटायला येतोय, मी मुद्दाम बाहेर थांबणार आहे, त्याला त्याचं काय ते बोलू दे. माझं मी इथे लिहिलं. मनापासून थँक्यू मॅडम.

तुमच्या पेशंटची ताई