पहिली धार की मधली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जोतिबाची चैत्री यात्रा झाली की कोल्हापुरात घरोघरी एक तक्रार सुरू होते : 'उन्हाळी लागलीय.' लघवीला आग, घटकेघटकेला जावंसं वाटणं, गेलं तर चार थेंब, ओटीपोटात ठणका. मग सब्जा भिजतो, धन्याजिऱ्याचं पाणी होतं आणि दोन दिवसांत उतार पडला नाही की कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून 'लघवीची गोळी' येते. सब्जाबद्दल आम्हा लॅबवाल्यांची तक्रार नाही. पाणी कमी पोटात गेल्यानं लघवी गडद होऊन आग होत असेल तर पाण्यानंच ती निवळते. तक्रार आहे ती गोळीबद्दल, आणि त्याहून जास्त, गोळीनंतर लॅबमध्ये येणाऱ्या डबीबद्दल. नमुनाच चुकला तर पुढं मशीन कितीही महागाचं असो, रिपोर्ट चुकणारच.

लघवीच्या साध्या जंतुसंसर्गात चारपैकी तीन वेळा तरी ई. कोलाय हा जंतू निघतो. तो कुठून बाहेरून येत नाही, आपल्याच आतड्यात मुक्कामाला असतो. बाईची मूत्रनलिका जेमतेम चार सेंटिमीटरची, पुरुषाची वीसेक; म्हणून हा त्रास बायकांना अधिक. या जंतूच्या अंगावर केसासारखे तंतू असतात, त्यांनी तो मूत्राशयाच्या अस्तराला धरून बसतो. पाण्यानं सुटे जंतू वाहून जातात, चिकटलेले राहतात. सायट्रेटचं गोड सरबत, म्हणजे लघवीची आम्लता घटवणारं अल्कलायझर, आग कमी करतं पण जंतू मारत नाही. उलट जंतू प्रोटियस असेल तर तो युरिया फोडून अमोनिया करतो, लघवी आधीच अल्कलाईन झालेली असते आणि तिच्यात खडे धरतात. तिथं सरबताच्या बाटल्या रिचवणं म्हणजे खड्यालाच खतपाणी.

तर डबी. कल्चरसाठी, म्हणजे नमुन्यातले जंतू उगवून ओळखायच्या तपासणीसाठी, लॅबमधूनच मिळालेली निर्जंतुक, रुंद तोंडाची डबी हवी. खोकल्याच्या औषधाची धुतलेली बाटली नको. धुऊन ती स्वच्छ दिसेल, निर्जंतुक होत नाही. अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्यापूर्वी नमुना द्यायचा. एकच डोस पोटात गेला तरी वाढ दबू शकते. शक्यतो सकाळची पहिली लघवी, नाहीतर निदान चार तास थांबून. बायकांनी साध्या पाण्यानं पुढून मागे धुवायचं, डेटॉल-सॅव्हलॉन वापरायचं नाही, कारण त्याचा थेंब डबीत पडला तर जंतू तिथंच मरतात. दोन बोटांनी जागा बाजूला धरून ठेवायची. पुरुषांनी त्वचा मागे घ्यायची. सुरुवातीची धार भांड्यात सोडायची आणि धार न थांबवता डबी मध्ये धरून वीस-तीस मिली घ्यायचं. शेवटची धार पुन्हा भांड्यात. झाकणाची आतली बाजू कुठं टेकवायची नाही, डबीच्या आत बोट घालायचं नाही. कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी घातलेली नळी, असेल तर पिशवीतली लघवी कधीच घ्यायची नाही. नळीवरच्या ठरलेल्या जागेतून सिरिंजनं काढायची.

पुढचं लोकांना पटत नाही, म्हणून हिशेब मांडतो. कल्चर लावताना आम्ही एक मायक्रोलिटरची, म्हणजे मिलीच्या हजाराव्या भागाची लूप (नमुना उचलायची बारीक कडी) वापरतो. जंतू उगवायच्या आगारच्या प्लेटवर शंभर ठिपके उगवले तर एका मिलीत एक लाख जंतू. 1950च्या दशकात एडवर्ड कॅस यांनी मांडलेली ही लाखाची रेषा आजही बहुतेक रिपोर्टांच्या मुळाशी आहे. आता त्वचेवरचे जंतू डबीत पडून मिलीला फक्त हजार झाले असं धरा. ई. कोलाय सोयीच्या उष्णतेत वीस मिनिटांना दुप्पट होतो. सात वेळा दुप्पट झाला की हजाराचे सव्वा लाख! त्याला सव्वादोन-अडीच तास पुरतात. एप्रिलच्या दुपारी स्कूटरच्या डिकीत ठेवून गारगोटीहून शहरात आणलेली डबी म्हणजे चाकांवरचा इनक्युबेटरच. बाईला काहीही झालेलं नसताना रिपोर्ट 'सिग्निफिकंट' येतो आणि तिला सात दिवसांचं अँटिबायोटिक सुरू होतं. म्हणून तासाभरात, फार तर दोन तासांत डबी लॅबमध्ये पोचवा. जमणार नसेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चार अंशांवर ठेवा, तिथं चोवीस तास चालतं. फ्रीझरमध्ये नाही.

रिपोर्टवर 'मिक्स्ड ग्रोथ' आलं, म्हणजे तीन-चार जातींचे जंतू उगवले, तर त्याचा अर्थ बहुतेक वेळा तीन-चार रोग असा नसतो. नमुना परत द्या, एवढाच असतो. तो कागद घेऊन तीन अँटिबायोटिकं लिहून घेणं बंद व्हायला हवं. रिपोर्टला दोन दिवस लागतात तेही आळसामुळं नाही : एक रात्र जंतू उगवायला, दुसरी कुठलं औषध त्याला अडवतं ते पाहायला.

इथपर्यंत मधल्या धारेची गोष्ट. आता तिच्या नेमकी उलटी.

रुटीनमध्ये, म्हणजे लघवीच्या साध्या तपासणीत, पस सेल्स (पुवाच्या पेशी) भरपूर, कल्चर मात्र निल, असा रिपोर्ट बऱ्याच वेळा येतो. पेशंट म्हणतो, 'जंतू नाही म्हणजे सुटलो.' तसं नसतं. आधी गोळी घेतलेली असू शकते. मूत्रपिंडाचा टीबी असू शकतो. टीबीचा जंतू या प्लेटवर उगवत नाही, त्यासाठी सलग तीन दिवस पहाटेची पूर्ण लघवी लागते. आणि तिसरी शक्यता, जिचं नाव खोलीत कुणी घेत नाही : लैंगिक संबंधातून आलेला क्लॅमिडिया किंवा गोनोरिया. क्लॅमिडिया पेशीच्या आत शिरल्याशिवाय वाढूच शकत नाही, मग आगारच्या प्लेटवर तो काय उगवणार? त्याच्यासाठी पीसीआरसारखी जनुकीय चाचणी लागते. हा जंतू मूत्रनलिकेच्या अस्तराच्या पेशींत असतो आणि त्या पेशी धुऊन आणते ती पहिली धार. म्हणून या चाचणीला निदान एक तास लघवी केलेली नसावी, आधी धुवायचं नाही, आणि पहिले वीस-तीस मिलीच डबीत घ्यायचे. डबी काठोकाठ भरली तर मूत्राशयातलं पाणी मिसळून नमुना पातळ होतो. पुरुषांना हे सोयीचं पडतं. बायकांत योनीमार्गाचा स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीवर घेतलेला स्राव, लघवीपेक्षा जास्त भरवशाचा, आणि तो ती स्वतःही घेऊ शकते.

एकच डबी, पण एका तपासणीला मधली धार आणि धुऊन, दुसऱ्या तपासणीला पहिली धार आणि न धुता. काउंटरवर हे कोण सांगतं? बहुतेक वेळा 'बाथरूम डावीकडं आहे' एवढंच सांगितलं जातं.

स्वॅबचीही तीच गत. लघवी फ्रीजमध्ये ठेवा म्हटलं की मंडळी स्वॅबही फ्रीजमध्ये ठेवतात. गोनोरियाचा जंतू, जुन्या बोलीतला परमा, थंडीनं आणि सुकल्यानं मरतो. कल्चरसाठी तो स्वॅब फ्रीजमध्ये ठेवायचा नसतो. लगेच चॉकलेट आगारवर लावून कार्बन डायऑक्साईडच्या हवेत ठेवावा लागतो. (चॉकलेट आगारमध्ये चॉकलेट नसतं, तापवलेलं रक्त असतं.) ट्रायकोमोनास हा लैंगिक संबंधातून येणारा एकपेशी जीव तर आणखी नाजूक. अंगावरून हिरवट-पिवळं, फेसाळ जाणं ही त्याची खूण. पण सूक्ष्मदर्शकाखाली तो ओळखायचा तो त्याच्या वळवळीवरून, आणि स्लाईड गार झाली की वळवळ थांबते. मग तो शेजारच्या पस सेलसारखाच दिसतो. दवाखान्यातून दुपारी बारा वाजता घेतलेला स्वॅब लॅबमध्ये चार वाजता आला तर 'ट्रायकोमोनास दिसला नाही' या ओळीला किंमत उरत नाही.

'धुपणी' म्हणून सगळं एका खात्यात टाकलं जातं तेही चूक. दह्यासारखं पांढरं आणि खाज असेल तर बहुधा कँडिडा, तो लैंगिक आजार नव्हे. माशासारखा वास आणि पातळ करडा स्राव असेल तर तिथले नेहमीचे, उपकारक लॅक्टोबॅसिलस जंतू कमी होऊन दुसऱ्या जंतूंनी जागा घेतलेली असते. ट्रायकोमोनास, गोनोरिया, क्लॅमिडिया निघाले तर मात्र नवऱ्याचा उपचार त्याच वेळी झाला पाहिजे, नाहीतर महिन्याभरात बाई पुन्हा दारात. सरकारी रुग्णालयांतली सुरक्षा क्लिनिक याचसाठी आहेत. तिथं तपासणी आणि औषध मोफत मिळतं, नाव गुप्त राहतं. फोनवर विचारायचं असेल तर 1097 हा क्रमांक मोफत आहे.

गरोदरपणात हे सगळं दुप्पट मोलाचं. दिवस राहिले की संप्रेरकांमुळं मूत्रवाहिन्या सैल पडतात, लघवी रेंगाळते. शंभरातल्या दोन ते दहा गरोदर बायांच्या लघवीत लाखावर जंतू असतात आणि त्यांना काहीच त्रास होत नसतो. उपचार केला नाही तर त्यातल्या चारपैकी एकीला तरी पुढं मूत्रपिंडाचा संसर्ग होऊन थंडी-ताप येतो, कळा लवकर सुरू होण्याचा धोका वाढतो. म्हणून पहिल्या भेटीत किंवा बारा ते सोळा आठवड्यांत एकदा कल्चर करावं. नुसत्या रुटीनमधल्या पस सेल्सवर विसंबू नये. औषधही मेडिकलवाल्यानं ठरवायचं नाही. एरवी चालणारी फ्लॉक्सासिन गटातली गोळी इथं टाळतात, आणि नायट्रोफ्युरँटॉइन प्रसूती जवळ आली की थांबवतात.

दुसरी तपासणी गरमीची, म्हणजे सिफिलिसची. 1905 साली शाउडिन आणि हॉफमन यांनी या जंतूचा मळसूत्री आकार पाहिला. त्याची जखम दुखत नाही, आपोआप भरते आणि माणूस निर्धास्त होतो. जंतू मात्र वारेतून बाळापर्यंत जातो. उपचाराविना निम्म्याहून जास्त गरोदरपणांत काही ना काही घात होतो : पोटातच बाळ जाणं, अपुऱ्या दिवसांचं बाळ, किंवा जन्मानंतर दिसणारा आजार. उपचार काय, तर बेंझाथिन पेनिसिलिन, 24 लाख युनिट, दोन्ही कुल्ल्यांत 12-12 लाख. आजार जुना किंवा कधीचा ते माहीत नसेल तर आठवड्याच्या अंतरानं तीन वेळा. एवढी वर्षं झाली तरी हा जंतू पेनिसिलिनला सरावलेला नाही, ही जंतुशास्त्रातली दुर्मीळ आनंदाची बातमी. अट एकच : प्रसूतीच्या निदान महिनाभर आधी उपचार सुरू झाला पाहिजे. इंजेक्शननंतर चोवीस तासांत ताप-कणकण आली तर ती ॲलर्जी समजून पुढचे डोस बंद करू नयेत. मरणाऱ्या जंतूंची ती प्रतिक्रिया असते. मात्र दिवस भरत आलेल्या बाईला त्यात कळा येऊ शकतात, म्हणून तिला नजरेखाली ठेवावं.

व्हीडीआरएल, म्हणजे गरमीची नेहमीची रक्ततपासणी, वाचतानाही फसगत होते. ती पॉझिटिव्ह आली म्हणजे गरमीच असं नाही; मलेरिया, कुष्ठरोग, कधी नुसतं गरोदरपणही तिला फसवतं, म्हणून टीपीएचए या दुसऱ्या रक्ततपासणीनं खात्री करतात. उलट, रक्तात प्रतिपिंडं फारच जास्त असतील तर पातळ न केलेल्या सीरममध्ये ती निगेटिव्ह दिसते. शंका असेल तिथं तंत्रज्ञानं सीरम पातळ करून पुन्हा पाहायला हवं. आणि टीपीएचए बहुधा जन्मभर पॉझिटिव्ह राहते, तिच्यावरून बरं झालं की नाही ते ठरत नाही. व्हीडीआरएल 1:32 वरून 1:8 झाली, म्हणजे चौपट उतरली, तर उपचार लागू पडला.

या स्वस्त तपासण्या राहून जातात आणि गर्भपात झालेल्या जोडप्यांकडून महागडं 'टॉर्च' पॅनेल (टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला वगैरे संसर्गांच्या रक्ततपासण्यांचा गट) मात्र पुन्हापुन्हा करून घेतलं जातं. त्यातलं आयजीजी हे प्रतिपिंड पॉझिटिव्ह म्हणजे कधीकाळी संसर्ग होऊन गेला किंवा लस घेतली. रुबेलाच्या बाबतीत ती चांगलीच बातमी. ताज्या संसर्गाची खूण मानलं जाणारं आयजीएम प्रतिपिंडही महिनोन्महिने टिकू शकतं. एकापाठोपाठ एक गर्भपातांचं उत्तर त्या पॅनेलमध्ये क्वचितच सापडतं. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या भीतीनं गरोदर सुनेचं मटण बंद करणाऱ्यांनीही ऐकावं : तांबड्या-पांढऱ्या रश्श्यात शिजून मऊ झालेल्या मटणात तो जिवंत राहत नाही. कच्चं मटण कापलेली सुरी आणि मांजराची घाण उपसणारे हात, धोका तिथं आहे.

आमची मागणी दोन ठिकाणी. लॅबचालकांनी डबीबरोबर मराठीत छापलेली चिठ्ठी द्यावी, 'मधली धार' किंवा 'पहिली धार' असा ठळक शिक्का मारून. तपासणीच्या फॉर्मवर पाच रकाने वाढवावेत : गरोदर आहे का, किती आठवडे, गोळी सुरू आहे का, कॅथेटर आहे का, नमुना किती वाजता घेतला. शेवटच्या रकान्यानंच निम्मे घोळ सुटतील.

दुसरी मागणी साखर कारखान्यांकडं. दसऱ्यानंतर बीडकडून येणाऱ्या ऊसतोड टोळ्यांत गरोदर बाया असतात. त्यांची नोंदणी गावी, रिपोर्ट गावी, आणि चौथ्या ते नवव्या महिन्याचे दिवस आपल्या फडात. संडास नाही म्हणून त्या पाणी कमी पितात आणि लघवी दाबून ठेवतात. जंतूला याहून सोयीचं काय? शिबिरांत बीपी-शुगर बघता तशी बोटाच्या थेंबावरची एचआयव्ही-सिफिलिसची दुहेरी पट्टीही कोपीवर, म्हणजे त्यांच्या झोपडीपाशी, करता येते. निकाल वीस मिनिटांत कळतो. पॉझिटिव्ह आली तर बाईला त्याच दिवशी जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात न्यावं, आणि माता-बाल संरक्षण कार्डावर डोसची तारीख लिहावी, म्हणजे पट्टा पडल्यावर (हंगाम संपल्यावर) गावाकडच्या नर्सताईला उरलेली इंजेक्शनं कळतील. पट्टीच्या पाकिटावर साठवणुकीचं तापमान छापलेलं असतं, बहुधा 2 ते 30 अंश. जीपच्या डॅशबोर्डवर सकाळपासून तापलेली पाकिटं दुपारी वापरू नयेत.

— सूक्ष्मजीवशास्त्र प्रयोगशाळांत काम करणारे काही जण, कोल्हापूर