गेम थिअरीचा तक्ता मुलांना मांडू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बी.ए.च्या अर्थशास्त्राच्या तासाला चिठ्ठ्या टाकून खेळ चालतात आणि अभ्यासक्रम अर्धा राहतो, अशी तक्रार करणारं एका पालकांचं पत्र आपल्या पानावर वाचलं. त्यांनी कॉलेजचं नाव दिलेलं नाही. पण गेम थिअरी शिकवताना असे खेळ मीही घेते. पलूस-तासगाव पट्ट्यातल्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर शिकवते, तेव्हा थोडं उत्तर माझ्याकडूनही.

काळजी रास्त आहे. पण गेम थिअरीचं, म्हणजे एकमेकांच्या निर्णयांवर ज्यांचा नफा-तोटा अवलंबून असतो ते कसं ठरवतात या अभ्यासाचं, दुखणं नेमकं उलट आहे. आमच्याकडे ती अल्पाधिकाराच्या (मोजक्याच विक्रेत्यांच्या बाजाराच्या) प्रकरणाला शेवटी जोडलेली असते आणि तिथं पोचेपर्यंत सत्र संपत आलेलं असतं. मग मुलं काय करतात? दोन कैदी, दोन वेगळ्या कोठड्या, कबुली दिली तर इतकी वर्षं, नाही दिली तर तितकी, एवढा 'कैद्यांचा पेच' घोकतात. पुढे समतोलाची कल्पना मांडणारे जॉन नॅश, १९५०, नोबेल १९९४. टिपेचे गुण मिळतात. परीक्षेनंतर त्याच तक्त्यात कैद्यांच्या जागी दोन दुकानदार घालून विचारलं, तर चांगल्या गुणांची मुलंही गप्प बसतात. कारण तक्ता कुणीतरी आधीच मांडून दिलेला असतो. आकडे दिलेले असले की समतोल, म्हणजे जिथून एकट्याने चाल बदलून कुणाचाच फायदा होत नाही ती जागा, शोधणं सोपं असतं. खेळाडू कोण, त्यांच्यापुढे पर्याय कोणते आणि कुणाच्या पदरात काय पडतं, हे ठरवण्यात खरा कस लागतो. आणि नेमकं तेच आपण मुलांना करू देत नाही.

मी कैदी बाजूला ठेवले आणि ऊसतोड घेतली. खुशाली म्हणजे ऊस तोडणाऱ्या टोळीला आणि एंट्री म्हणजे वाहनाच्या ड्रायव्हरला द्यावे लागणारे वरचे पैसे, हे आपल्या भागातल्या वाचकांना समजावून सांगायला नको. हंगाम पुढे सरकतो तसा उसाला तुरा येतो, वजन घटतं, खोडव्याला उशीर होतो. नोंदीप्रमाणे तोड यायला हवी, पण टोळीच्या हातावर काही ठेवलं की ती आधी येते. वर्गात आम्ही बांधाला बांध असलेले दोन शेतकरी घेतले. आकडे काल्पनिक, हजारांत. तोड आधी मिळाली तर फायदा दहा, नंतर मिळाली तर शून्य, खुशाली चार. दोघांनीही दिली नाही तर कुणाचा नंबर आधी लागेल ते नशिबावर, म्हणून सरासरीने प्रत्येकी पाच. एकट्याने दिली तर त्याला दहातून चार वजा जाऊन सहा आणि शेजाऱ्याला शून्य. दोघांनीही दिली तर पुन्हा नशिबाचेच पाच, त्यातून चार गेले, उरला एक.

मुलांनी प्रत्येक वेळी जास्त फायद्याच्या आकड्याखाली रेघ मारली. शेजारी देणार नसेल तर दिलेली बरी, कारण सहा हे पाचापेक्षा जास्त. शेजारी देणार असेल तरी दिलेली बरी, कारण एक हा शून्यापेक्षा बरा. म्हणजे दोघंही देणार, दोघांच्याही हाती एकेक उरणार आणि तोडीचा क्रम खुशाली नसती तर जसा लागला असता तसाच लागणार. घरी वडील दर हंगामाला ज्यावरून चिडतात ते फळ्यावर चार चौकटींत मावलं, याचं मुलांना फार अप्रूप वाटलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, पण यात टोळी कुठंय?" तिचा भाऊ ट्रॅक्टरवर ड्रायव्हर आहे. तो तास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. खुशाली चारच का, हा प्रश्न आम्ही कुणी विचारलाच नव्हता. मग साडेचार घालून पाहिले. तरी दिलेलीच बरी. पाचाच्या किंचित खाली आणली, तरी तेच. पाचाच्या वर गेली की मात्र शेजारी काहीही करो, न देण्यात शहाणपण. म्हणजे मागणाऱ्याला पाचापर्यंत ताणता येतं, आणि तो तसं ताणतो तेव्हा शेतकऱ्यांचा जवळजवळ सगळा फायदा त्याच्याकडे जातो. हे कोणत्याही गाईडमध्ये नाही. मुलांनी ते स्वतः काढलं.

त्यानंतर वर्गात वादच झाला. शेतकऱ्यांच्या घरातली मुलं याला लूट म्हणाली. ती मुलगी म्हणाली, टोळी मुकादमाची उचल घेऊन गाव सोडून आलेली असते, नवरा-बायकोचा एक कोयता राबराब राबतो, त्यांना वर चार पैसे सुटतात ते इथंच. दोघांचंही खरं आहे. तक्ता न्याय करत नाही. पण शेतकऱ्यांचा पेच टोळीच्या बाजूने पाहिला तर पेचच राहत नाही, हे त्या दिवशी वर्गाला कळलं, आणि तक्ता कुणी मांडला हे विचारायची सवय लागली. एकाने मध्येच विचारलं, दर जाहीर होईपर्यंत ऊस घालायचा नाही असं ठरलेलं असताना गुपचूप ऊस घालणाऱ्याच्या ट्रॅक्टरची हवा का सोडतात? मी उत्तर द्यायच्या आत दुसराच म्हणाला, "त्याच्या चौकटीतला आकडा कमी करायला." मी त्याचं समर्थन करत नाही. उत्तर मात्र पूर्ण गुणांचं होतं.

आता चिठ्ठ्यांबद्दल. प्रत्येकाने ० ते १०० मधला एक आकडा लिहायचा. सगळ्यांच्या सरासरीच्या दोन-तृतीयांशाला जो सर्वांत जवळ तो जिंकला. सगळ्यांनी १०० लिहिले तरी उत्तर ६६.६७ येतं, म्हणून ६७ च्या वर लिहिण्यात अर्थ नाही. हे सगळ्यांनाच कळत असेल तर ४५ च्या वरही नाही. असं उतरत उतरत माणूस शून्यावर येतो, आणि तोच या खेळाचा नॅश समतोल. माझ्या वर्गात एका हुशार मुलाने पहिल्याच फेरीत शून्य लिहिलं आणि तो हरला, कारण सरासरी तिशीच्या आसपास होती आणि जिंकणारा आकडा विशीचा. तो भांडायला उठला: गणिताने शून्यच येतं! येतं ना. पण बाकीचे तुझ्याइतका विचार करणार नाहीत, हा हिशेब त्याने धरला नव्हता. दुसऱ्या फेरीत सरासरी धाडकन खाली आली. समतोल म्हणजे इतरांबद्दलचा अंदाज बरोबर ठरल्यावर टिकणारी जागा, हे त्या दोन चिठ्ठ्यांनी शिकवलं. व्याख्येला ते जमलं नव्हतं.

गेम थिअरी मुलांना स्वार्थ शिकवते, असाही एक सूर त्या पत्रात होता. इतिहास पाहिला तर तसं दिसत नाही. मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांनी १९५० मध्ये अमेरिकेतल्या रँड या संशोधन संस्थेत कैद्यांच्या पेचाचा हा खेळ रचला तेव्हा त्यात कैदी नव्हतेच, नुसते आकडे होते. कैद्यांची गोष्ट अल्बर्ट टकर यांनी त्याच वर्षी नंतर जोडली. पहिल्या प्रयोगात दोघांना तोच खेळ लागोपाठ १०० वेळा खेळायला दिला आणि त्यातल्या ६० वेळा दोघांनीही एकमेकांना सांभाळून घेतलं. नॅश यांनी त्यावर आक्षेप घेतला की हे १०० सुटे खेळ नव्हेत, हा एकच लांबलचक खेळ आहे. आक्षेप अगदी रास्त, आणि शिकवायला सोन्यासारखा. आपल्याकडे भावाभावांत वाटणीची विहीर असते, मोटरच्या पाळ्या ठरलेल्या असतात. रात्रीची पाळी कुणी सहसा मोडत नाही. सगळे भाऊ साधुसंत असतात म्हणून नव्हे. पुढच्या आठवड्यात पुन्हा त्याच विहिरीवर यायचं असतं. जमीन विकून पुण्याला निघालेला भाऊ शेवटच्या हंगामात कसा वागतो तेही मुलांना ठाऊक असतं. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं नोबेल मिळालं ते पाणी, कुरणं, मासेमारी अशा सामाईक गोष्टी लोक स्वतःचे नियम करून कशा टिकवतात या अभ्यासासाठी. हे अर्थशास्त्रच आहे, आणि ते स्वार्थाचं गुणगान करत नाही.

खेळाचा अतिरेकही होतो, हे मान्य. सांगलीत हा विषय काढला की मुलं लगेच फळ्यावर एका बाजूला आपलं कोयना धरण आणि दुसऱ्या बाजूला खाली कर्नाटकातलं अलमट्टी लिहितात. २०१९ चा पूर त्यांच्या घरात शिरलेला आहे, तेव्हा साहजिकच. कोयना १०५ टीएमसी (अब्ज घनफूट), अलमट्टी १२३ टीएमसी, अलमट्टीची ५१९.६० मीटरची पातळी ५२४.२५६ पर्यंत नेण्याला राज्यांमधला कृष्णेच्या पाण्याचा तंटा सोडवणाऱ्या कृष्णा लवादाने २०१० मध्ये दिलेली मुभा, हे आकडे त्यांना तोंडपाठ असतात. पण चार चौकटींचा तक्ता इथे बसत नाही. एक धरण वर, एक खाली. एकाची चाल दुसऱ्याला दिसते आणि मग तो ठरवतो. त्यासाठी तक्त्याऐवजी फांद्यांचं झाड काढावं लागतं आणि शेवटच्या फांदीकडून मागे विचार करत यावं लागतं. पाऊस हा तर खेळाडूच नव्हे, त्याला नफा-तोटा नसतो. त्याला निसर्गाची चाल म्हणून झाडात वेगळी जागा द्यावी लागते. कुठे तक्ता चालत नाही हे सांगणंही याच धड्यात यायला हवं, नाहीतर मुलं प्रत्येक भांडणाला कैद्यांचा पेच म्हणू लागतात.

माझं मागणं विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाकडे आहे आणि ते छोटं आहे. वाढीव तास मागत नाही. गेम थिअरीवर 'टिपा लिहा' विचारणं बंद करा आणि एक प्रसंग देऊन तक्ता मुलांनाच मांडायला सांगा. यावर सहकारी दोन हरकती घेतात. पहिली, मुलांचं गणित कच्चं आहे. इथे सहा मोठे की पाच, एवढंच लागतं. दुसरी, प्रत्येकाचे आकडे वेगळे आले तर पेपर तपासायचे कसे? साध्या डावपेचांपुरता आकड्यांचा क्रमच महत्त्वाचा असतो. मुलाने चार परिणाम चांगल्यापासून वाईटापर्यंत कसे लावले आणि त्याची कारणं काय दिली, हे तपासणाऱ्याला एका नजरेत दिसतं. क्रम माझ्यापेक्षा वेगळा असला आणि कारण पटलं, तर पूर्ण गुण.

नमुन्याचा एक प्रश्न देते, तो हवा तर जसाच्या तसा घ्यावा. "एका गावात दोन दूध संकलन केंद्रं आहेत आणि दोन्हींचा दर सारखा आहे. दर तोच ठेवणे किंवा लिटरमागे दोन रुपये वाढवणे, एवढेच पर्याय प्रत्येकापुढे आहेत. दोघांचा तक्ता मांडा आणि आकड्यांचा क्रम तसा का लावला ते लिहा. समतोल शोधा. हाच निर्णय दर दहा दिवसांनी पुन्हा घ्यायचा असेल तर उत्तर बदलेल का? तुमच्या तक्त्यात खेळाडू म्हणून न आलेला, पण निकालामुळे ज्याचा नफा किंवा तोटा होतो असा एक माणूस सांगा."

आपली,
अर्थशास्त्राची एक शिक्षिका
पलूस, जि. सांगली